शहापूर व मुरबाड तालुक्यांतील वनाच्छादित ओहोळांचा उन्हाळी प्रवाह : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : खर्डी परिसर)

प्रास्ताविक

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आटगावच्या पुढे खर्डी हे स्थानक लागते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील हे गाव तीन खोऱ्यांच्या सान्निध्यात वसलेले आहे. उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस तानसा आणि दक्षिणेस भातसा. या तिन्ही नद्यांवर धरणे आहेत आणि तिन्हींचे पाणी मुंबईस जाते. बृहन्मुंबई महानगरपालिकेस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांची एकूण उपयुक्त साठवणक्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी भातसा (७,१७,०३७) आणि तानसा (१,४५,०८०) या शहापूर तालुक्यातील दोन तलावांचाच वाटा जवळजवळ ६० टक्के भरतो. याच तालुक्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. हा विरोधाभास वृत्तपत्रांनी दर उन्हाळ्यात मांडलेला आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचा येथे हेतू नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय त्याहून लहान व काहीसा दुर्लक्षित आहे. डोंगरउतारावरील जंगलातून निघणारे लहान ओहोळ पावसाळा संपल्यानंतर किती काळ व किती वाहतात, हे प्रमाण सालोसाल का बदलते, आणि या बदलाविषयी गेल्या पावणेदोनशे वर्षांत कोणी कशाच्या आधारे काय म्हटले, हा तो विषय होय. महाराष्ट्राच्या जलइतिहासाचे लेखन प्रामुख्याने नद्या, धरणे, कालवे आणि दुष्काळ यांभोवती फिरत आले आहे. ओहोळाला नाव असते ते बहुधा पाड्यापुरते आणि नकाशावर तो एक निळी तुटक रेषा असतो. तथापि ‘पूर्वी जंगल होते तेव्हा ओहोळ बारमाही होते’ हे विधान वनसंरक्षण, वृक्षलागवड, वनहक्क आणि धरणविरोध अशा परस्परविरोधी कारणांसाठी सारख्याच आत्मविश्वासाने वापरले जाते. ज्या विधानावर लोकांचे जमिनीचे हक्क ठरतात, त्या विधानामागे मोजमाप कोणते, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

भूरचना आणि ओहोळाचे वर्ष

शहापूर व मुरबाड या दोन्ही तालुक्यांची भूमी लाव्हारसाच्या थरांनी बनलेल्या बेसॉल्ट खडकाची आहे. हे थर एकसारखे नाहीत. काही थर सच्छिद्र, भेगाळलेले व झिजलेले, तर काही घट्ट कातळाचे असतात, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. वरून झिरपलेले पाणी सच्छिद्र थरात साठते, खालच्या घट्ट थराने अडते आणि डोंगरउतारावर जेथे तो सांधा उघडा पडतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. खर्डी परिसरातील, माहुलीच्या पायथ्याच्या किंवा मुरबाडकडे माळशेज व नाणेघाटाच्या खालच्या ओहोळांचा हिवाळ्यातील प्रवाह हा या झऱ्यांचाच प्रवाह होय. जलशास्त्रात त्यास आधारप्रवाह म्हणतात. या थरांची साठवण मात्र फारशी नसते. उत्तर भारतातील गाळाच्या मैदानात पावसाचे पाणी शेकडो फूट खोल मुरून राहते. येथे ते एका डोंगराच्या उंचीएवढ्या खडकात, तेही भेगांपुरते, राहते.

त्यामुळे ओहोळाचे वर्ष असमान असते. जून-जुलैत तो फेसाळत वाहतो, ऑगस्टमध्ये गढूळपणा कमी होतो, नवरात्राच्या सुमारास पाणी नितळ होते. त्यानंतर प्रवाह रोज थोडा थोडा घटत जातो. पुढे वाहते पाणी दिसेनासे होते आणि डोहांत व कोंडांत साठलेले पाणी उरते. अखेरीस कोरड्या पात्रात खड्डा खोदून, त्यात झिरपणारे पाणी वाटीने हंड्यात भरण्याची पाळी येते. अशा खड्ड्यास या भागात डवरा म्हणतात. ओहोळ ‘आटला’ हा शब्द या तीन अवस्थांपैकी कोणत्या अवस्थेस लावला जातो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. वाहणे थांबले म्हणजे आटला असे अधिकारी समजतो, तर पाड्यावरील स्त्रीच्या दृष्टीने डवरा भरेनासा होईपर्यंत तो जिवंत असतो.

ही घट कशी होते हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. १ ऑक्टोबरला एका ओहोळातून मिनिटाला ६४ हंडे पाणी वाहते आणि दर वीस दिवसांनी प्रवाह निम्मा होतो असे धरू. १८० दिवसांनी, म्हणजे मार्चअखेरीस, त्यात मिनिटाला हंड्याचा आठवा भाग पाणी राहील. एक हंडा भरण्यास आठ मिनिटे लागतील. आता शेजारच्या ओहोळात आरंभी तेवढेच पाणी आहे, परंतु तेथे प्रवाह निम्मा होण्यास तीस दिवस लागतात असे धरू. त्याच दिवशी तेथे मिनिटाला एक हंडा भरेल. पावसात कोणताही फरक नसताना केवळ खडकाच्या व मातीच्या गुणामुळे दोन ओहोळांत आठपटीचा फरक पडतो. पहिल्या ओहोळावर पाऊस वीस दिवस उशिरा थांबला, तर मार्चअखेरीचे पाणी दुप्पट होते आणि वीस दिवस आधी थांबला तर निम्मे. कोकणातील पाऊस देशावरील पावसाच्या मानाने बराच भरवशाचा, सरासरीपासून फार न ढळणारा मानला जातो. तरीही त्याच कोकणातील ओहोळाचा उन्हाळी प्रवाह सालोसाल इतका का बदलतो, याचे मर्म या साध्या गणितात आहे.

वनखात्याचा युक्तिवाद आणि राब

जंगल आणि झरे यांच्या संबंधाविषयी मुंबई इलाख्यातील लिखित चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाली. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन यांची इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक, आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि दापुरीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. कोकणातील डोंगर उघडे पडल्यामुळे झरे व ओहोळ क्षीण होत आहेत, असे त्यांचे निरीक्षण होते. १८५१ मध्ये उष्णकटिबंधातील जंगलतोडीच्या परिणामांविषयी ब्रिटिश असोसिएशनच्या समितीचा अहवाल सादर झाला, त्यामागेही भारतातील वैद्यकीय सेवेतील मंडळीच होती. गिब्सन यांच्यानंतर आलेल्या एन. ए. डॅल्झेल यांनी १८६३ मध्ये जंगलांच्या प्रभावाविषयी व मुंबई इलाख्यातील वनव्यवस्थापनाविषयी स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. या पहिल्या पिढीच्या अधिकाऱ्यांविषयी एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. ते जंगलात हिंडलेले होते आणि त्यांनी जे पाहिले ते लिहिले. त्यांच्या चिंतेस केवळ महसुलाचा बुरखा म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु त्यांच्या निरीक्षणाचे पुढे सूत्र झाले, आणि हे सूत्र ठाणे जिल्ह्यात वापरले गेले ते निराळ्या परिस्थितीत. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे धावलेली रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यास आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचली. ती खर्डीवरूनच गेली. इमारती लाकूड, स्लीपर, जळण व कोळसा यांस हाताशी बाजार मिळाला. १८६५ चा व त्यानंतर १८७८ चा भारतीय वन अधिनियम यांनी राखीव व संरक्षित जंगलांच्या हद्दी आखल्या. ज्या उतारांवरून लोक पिढ्यान्‌पिढ्या फांद्या, पाला व गवत आणीत होते, ते उतार सरकारी झाले. जंगल राखण्याची कारणे सांगताना लाकडाचे उत्पन्न आणि झऱ्यांचे रक्षण ही दोन्ही कारणे एकाच कागदावर येत. पहिले कारण आकड्यांत असे, दुसरे विशेषणांत.

या संघर्षाचा मध्यबिंदू होता राब. भाताचे रोप तयार करण्याच्या वाफ्यावर झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर रचून, वर माती पसरून, पावसापूर्वी ते जाळण्याची ही पद्धत आहे. त्यामुळे तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि पहिल्या पावसात रोप तरारून येते. टहाळीसाठी ऐनासारखी झाडे हिवाळ्यात छाटली जात. वनखात्याच्या दृष्टीने ही झाडांची हत्या होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने छाटलेले झाड पुन्हा फुटत होते व त्याच्या शेताचाच तो एक भाग होता. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. डॉ. जे. ए. व्होल्कर यांनी भारतीय शेतीविषयीच्या १८९३ च्या अहवालातही राबाची दखल घेतली.

या वादाचे स्वरूप पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. टहाळी किती लागते, एका एकर भाताला किती माळवरकस हवे, कोणती झाडे छाटू द्यावीत, दंड किती, यांवर वाद झाला. झऱ्याचा उल्लेख जंगलाच्या बाजूने होई. पण अमुक उतारावर टहाळी तोडली जाते आणि तमुक उतारावर जात नाही, तर दोहोंखालचे ओहोळ केव्हा आटतात, अशी तुलना या चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आली नाही. वास्तविक ठाणे जिल्ह्यात अशी तुलना करणे अगदी सोपे होते. एकाच डोंगराच्या दोन बाजू दोन प्रकारे वापरल्या जात होत्या. झऱ्याचे नाव घेऊन ज्याला जंगलाबाहेर काढले, तोच उन्हाळ्यात त्या झऱ्यावर पाणी भरत होता. त्याची साक्ष घेतली गेली ती टहाळीपुरती.

पुढील काळात शासनालाही या सूत्राविषयी शंका आली. जंगलतोडीमुळे भारताचे हवामान बदलले या समजाचा तपास करताना वेधशाळाप्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१० मध्ये पावसाच्या आकडेवारीत त्यास आधार सापडत नसल्याचे दाखविले. १९१६ मध्ये एम. हिल यांचे जंगले व आर्द्रता यांच्या संबंधाविषयीचे टिपण वनखात्याने प्रसिद्ध केले. पाऊस आणि झरे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाणीव या सुमारास स्पष्ट होऊ लागली. जंगलामुळे पाऊस वाढतो की नाही हा एक प्रश्न. पडलेला पाऊस उन्हाळ्यापर्यंत टिकतो की नाही हा दुसरा. पाड्याला दुसऱ्याचे उत्तर हवे होते.

धरणाच्या भिंतीवरील मोजमाप

याच काळात या ओहोळांच्या पाण्याची मोजदाद करणारी दुसरी एक यंत्रणा उभी राहिली. ती वनखात्याहून कितीतरी अधिक काटेकोर होती. १८५४ मधील भीषण पाणीटंचाईनंतर मुंबईसाठी हेन्री कोनीबियर यांच्या योजनेनुसार विहार तलाव बांधला गेला (१८६०). त्यापाठोपाठ तुळशी (१८७९) आला. साष्टी बेटावरील पाणी पुरेनासे झाल्यावर मेजर टुलॉक यांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी सुचविलेली तानसा नदी निवडली गेली आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी मुंबईस पोहोचले. १९१५, १९२५ व १९४८ अशा टप्प्यांनी तानसा योजनेची वाढ झाली. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ मध्ये, ऊर्ध्व वैतरणा १९७३ मध्ये, भातसा १९८० च्या दशकात आणि मध्य वैतरणा २०१४ मध्ये पुरवठ्यात आले. तानसाभोवतीचे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे.

या तलावांची पातळी रोज मोजली जाते. तलाव कोणत्या तारखेस भरून वाहू लागला हे मुंबईच्या वृत्तपत्रांत छापून येते. अभियंत्याचा प्रश्न मात्र एकच असतो : पुढील पावसापर्यंत शहराला पुरेल एवढे पाणी चार महिन्यांत जमा झाले का? डिसेंबरनंतर ओहोळांतून तलावात येणारे पाणी त्या हिशेबात नगण्य ठरते. तलावाच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या बाष्पीभवनापुढे त्याची कथा काय! अभियंत्याच्या गणितात हे वावगे नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की ज्या पाण्यावर वरच्या पाड्याने चार महिने काढायचे, ते पाणी याच परिसरातील सर्वांत नेमक्या जलनोंदीत शून्याच्या जवळचा आकडा होऊन बसले. खर्डी परिसरातील पाण्याचा इतिहास या नोंदींवरून लिहिला तर तो पावसाळ्याचा इतिहास होतो.

धरणाच्या खालच्या अंगाला तर चित्र उलटेच झाले. भातसा धरणाचे पाणी नदीच्या पात्रातूनच खाली सोडले जाते आणि भिवंडी तालुक्यातील पिसे येथे उचलून मुंबईकडे नेले जाते. त्यामुळे त्या पट्ट्यात भातसा नदी एप्रिल-मे महिन्यांतही भरून वाहते. निसर्गतः तिच्यात त्या दिवसांत एवढे पाणी कधीच नसते. पुलावरून जाणाऱ्या प्रवाशास नदी बारमाही दिसते, आणि त्याच खोऱ्याच्या माथ्यावरचा ओहोळ शिमग्यालाच थांबलेला असतो. ‘भातसेचा उन्हाळी प्रवाह’ या शब्दांनी आज नेमके काय मोजले जाते, याचा उलगडा केल्याशिवाय जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करणे धोक्याचे आहे.

मुरबाड तालुक्यातील काळू धरणाच्या वादात हा प्रश्न प्रत्यक्ष निर्णयाच्या जागी आला. सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन या प्रकल्पात जाणार होती. वनविषयक मंजुरीशिवाय काम सुरू झाल्याच्या तक्रारीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कामास स्थगिती दिली. अशा प्रकल्पांचे लाभहानीचे गणित मांडताना साठणारे पाणी दशलक्ष घनमीटरमध्ये लिहिले जाते, बुडणारे जंगल हेक्टरमध्ये आणि झाडांच्या संख्येत. उतारावरील झऱ्याला एकक नाही म्हणून त्याला रकानाही नाही.

प्रयोगांनी काय दाखविले

गिब्सन यांचे निरीक्षण आणि राब करणाऱ्या शेतकऱ्याचा अनुभव यांत खरे काय, हे ठरविण्याची शास्त्रीय रीत विसाव्या शतकात विकसित झाली. शेजारशेजारची दोन सारखी पाणलोट क्षेत्रे घ्यावयाची, काही वर्षे दोन्हींचा प्रवाह मोजावयाचा, मग एकावरील जंगल तोडावयाचे किंवा लावावयाचे व दुसरे तसेच ठेवावयाचे, अशी ती रीत आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वॅगन व्हील गॅप येथे १९१० ते १९२६ या काळात झालेल्या प्रयोगात झाडे तोडल्यावर वार्षिक प्रवाह वाढला. बॉश व ह्यूलेट यांनी १९८२ मध्ये अशा ९४ पाणलोट क्षेत्रांचा आढावा घेतला, त्यातही बहुतेक ठिकाणी हेच आढळले. कारण उघड आहे. झाड पाणी पिते व पानांवाटे ते हवेत सोडते.

आपल्याकडील निलगिरी पर्वतातील प्रयोग याहून बोलका आहे. उटकमंडजवळ ग्लेनमॉर्गन येथे १९६८ पासून दोन पाणलोट क्षेत्रांचे मोजमाप झाले. एकात ५९ टक्के क्षेत्रावर निलगिरीची झाडे लावली होती, दुसरे नैसर्गिक गवताळ व शोला प्रकारचे राहिले. पहिल्या दहा वर्षांच्या आवर्तनात लागवडीखालील क्षेत्राचा वार्षिक प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी घटला आणि उन्हाळी प्रवाहात घट याहूनही अधिक होती. झाड लावले म्हणजे झरा वाढतो, या समजुतीस हा मोठाच धक्का होता. गेल्या काही दशकांतील शासकीय वृक्षलागवडीच्या घोषणांत या प्रयोगाची आठवण क्वचितच ठेवली जाते.

मग गिब्सन चुकले होते काय? तसेही म्हणता येत नाही. डच जलशास्त्रज्ञ एल. ए. ब्रुइन्झेल यांनी १९८९ मध्ये उष्णकटिबंधातील जंगलतोड व उन्हाळी प्रवाह यांविषयी जो विचार मांडला तो येथे उपयोगी पडतो. जंगल दोन परस्परविरुद्ध गोष्टी करते. ते पाणी पिते, आणि मुळे, पालापाचोळा व मातीतील जीवजंतू यांच्या योगाने पावसाला जमिनीत शिरू देते. झाडे तोडल्यावर जमीन मोकळी, भुसभुशीत राहिली तर पिणारे कमी झाल्याने झऱ्याचे पाणी वाढते. पण तोडीनंतर गुरांच्या पायांखाली, वणव्याने व उघड्या पावसाच्या माऱ्याने जमीन घट्ट झाली तर पाणी मुरेनासे होते, वरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात झरा कोरडा पडतो. पश्चिम घाटात उत्तर कन्नड जिल्ह्यात जगदीश कृष्णस्वामी, माइक बोनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक जंगल, ऱ्हास झालेले जंगल आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड अशा पाणलोटांची तुलना केली. २०१२ व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी मुरणे व पिणे यांच्या या देवघेवीस पुष्टी दिली.

हा विचार ठाणे जिल्ह्याच्या इतिहासास लावला तर राबाच्या वादाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. ऐनाच्या फांद्या छाटल्याने त्या वर्षी झाडाची पाने कमी, म्हणजे पाण्याचा उपसाही कमी. मुळे जागच्या जागी, माती बांधलेली. केवळ छाटणीने झरा आटावा असे यात काही दिसत नाही. परंतु तीच झाडे कोळशासाठी बुंध्यापासून तोडली, त्या उतारावर वर्षामागून वर्षे वणवा गेला आणि पालापाचोळ्याचा थरच उरला नाही, तर झऱ्याचे नुकसान निश्चित. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील वनखात्याने टहाळी तोडणाऱ्यास जेवढे जबाबदार धरले, तेवढे कोळसा व स्लीपर यांच्या ठेक्यांस धरले नाही. ओहोळाच्या दृष्टीने मात्र भार उलट बाजूस पडतो. एकाच उतारावर दोन्ही घडत असल्यास दोहोंचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

सालोसाल फरक का पडतो

जंगलाचा विचार दशकांच्या मापाने करावा लागतो. एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जंगल फारसे बदलत नाही, ओहोळ मात्र बदलतो. म्हणून ‘यंदा ओहोळ लवकर आटला’ याचे कारण जंगलात शोधण्यापूर्वी पावसाच्या वेळापत्रकात शोधले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसाने वर्षाची सरासरी फुगते, पण जमीन आधीच तुडुंब असल्याने बहुतेक पाणी पुराच्या रूपाने खाडीला मिळते. मार्चमधील झऱ्याला त्याचा लाभ बेताचाच. २००९ मध्ये देशभर मोसमी पाऊस सरासरीहून २२ टक्के कमी झाला, मुंबईत पाणीकपात करावी लागली. पण त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग-मुंबईच्या किनाऱ्यावर आले व कोकणात अवेळी पाऊस पडला. २०१९ मध्ये मोसमी पावसाच्या माघारीस ९ ऑक्टोबरला प्रारंभ झाला, तो तोपर्यंतच्या नोंदींत सर्वांत उशिराचा होता. वार्षिक बेरजेच्या तक्त्यात ही तीन वर्षे एका प्रकारे दिसतात, ओहोळाच्या वर्षात दुसऱ्या प्रकारे. हवामान खात्याने २०२० मध्ये मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. वर दिलेल्या हंड्यांच्या गणितात नऊ दिवस म्हणजे मार्चमधील पाण्यात सुमारे एक-तृतीयांशाची भर होय. तारखेतील हा बदल खऱ्या पावसातही तसाच टिकून असेल, तर जुन्या पिढीच्या अनुभवाशी आजच्या ओहोळाची तुलना करताना तेवढे वजा करावे लागेल.

पावसाशिवाय दुसरा बदल माणसांचा आहे. दिवाळीच्या सुमारास ओहोळावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून घातलेले वनराई बंधारे वरच्या भागात पाणी रोखतात व आजूबाजूस मुरवितात. महामार्गालगतच्या व मुरबाडकडील जमिनींवर खोदलेल्या कूपनलिका त्याच थरातून पाणी उपसतात ज्यातून झरा वाहतो. खडकाची साठवण लहान असल्यामुळे एका कूपनलिकेचा परिणामही झऱ्यावर जाणवू शकतो.

साधनांचा प्रश्न

उगमाजवळच्या लहान ओहोळांसाठी तलावांसारखी सलग नोंद नाही. म्हणून अन्य साधनांकडे वळावे लागते. १९७० च्या दशकारंभी स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत, मोजते. विहीर म्हणजे झरा नव्हे, पण ऑक्टोबर ते मार्च या काळातील पातळीची घट ही ओहोळाच्या घटीची जवळची नातलग आहे. टँकर कोणत्या पाड्यावर कोणत्या तारखेस सुरू झाला याच्या तहसील कार्यालयातील नोंदी हे दुसरे साधन. त्यांत राजकारण, रस्त्याची अवस्था व मंजुरीचा विलंब मिसळलेला असतो, तरीही एकाच पाड्याची अनेक वर्षांची तारीख पाहिल्यास चढउतार दिसू शकतो. वनविभागाच्या कार्यआयोजना, तसेच वाफेच्या इंजिनांना पाणी लागत असे त्या काळातील घाटपायथ्याच्या स्थानकांचे रेल्वेचे कागद शोधण्यासारखे आहेत.

तिसरे साधन लोकस्मृती. ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी वस्त्यांतील ज्येष्ठांना ‘ओहोळ पूर्वी केव्हापर्यंत वाहत असे’ असे विचारले तर उत्तर तारखेत येत नाही, सणात येते : होळीपर्यंत, पाडव्यापर्यंत, अखितीपर्यंत. हे उत्तर मोलाचे आहे, पण ते जसेच्या तसे वापरता येत नाही. होळी २०१८ मध्ये १ मार्चला होती आणि २०२४ मध्ये २४ मार्चला. अधिक मासाच्या फिरण्यामुळे ‘होळीपर्यंत’ या एका शब्दात तीन आठवड्यांहून अधिक फरक लपलेला असतो, आणि तेवढ्या काळात आपला काल्पनिक ओहोळ निम्म्याहून कमी झालेला असतो. म्हणून मुलाखतीत सण आणि वर्ष दोन्ही विचारणे, वर्ष आठवत नसल्यास बहात्तरचा दुष्काळ, सव्वीस जुलैचा पाऊस, कोरोनाची टाळेबंदी अशा खुणांनी ते निश्चित करणे, आणि ‘वाहता’, ‘डोहात’ की ‘डवऱ्यात’ ही अवस्था वेगळी लिहून घेणे आवश्यक ठरते. पुरुष व स्त्रिया यांना स्वतंत्रपणे विचारावे, कारण वाहणे थांबल्यानंतरच्या महिन्यांचा अनुभव मुख्यत्वे स्त्रियांकडे आहे.

यापुढील वर्षांसाठी तरी प्रत्यक्ष नोंद सुरू करणे आपल्या महाविद्यालयांना अवघड नाही. लहान ओहोळाच्या प्रवाहास खर्चिक उपकरण लागत नाही. पात्रात पन्हळ बसवून, ठरावीक मापाची बादली भरण्यास लागणारे सेकंद घड्याळावर मोजले की काम होते. ऑक्टोबर ते मे दर पंधरवड्यास एक वाचन, इंग्रजी तारखेसह, आणि शेजारी पावसाचा आकडा, एवढे पुरे. भूगोल व इतिहास या दोन विभागांनी हे काम वाटून घेतल्यास जुन्या साक्षी व नवे आकडे एकाच वहीत येतील. जागेची निवड मात्र सोयीवर सोडू नये. मोजणी रस्त्याच्या पुलाखाली केल्यास ती फसवी ठरेल. एप्रिलमध्ये वरच्या अंगाला झरा जिवंत असतानाही पुलाखालची वाळू कोरडी दिसते, कारण मधल्या पात्रात पाणी मुरून गेलेले असते. पाड्यावरील स्त्रिया ज्या ठिकाणी हंडा लावतात, त्याच ठिकाणी पन्हळ बसवावी आणि मोजणी पहाटेची रांग संपल्यावर करावी.